दूधओढा गप्प झाला तेव्हा

"श्रेयस, डबा तिरका धरू नकोस! सगळं श्रीखंड एका बाजूला जाईल!"

"मी सरळच धरलाय! ही पायवाटच तिरकी आहे!"

साक्षीने मागे वळून पाहिलं. तिचा धाकटा भाऊ स्टीलचा कडीचा डबा पोटाशी कवटाळून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल जपून टाकत उतरत होता. डब्यावर आजीचं नाव कोरलेलं होतं, 'सौ. प्रमोदिनी ज. साठे'. अक्षरं घासून घासून पुसट झाली होती, पण बोट फिरवलं की अजून लागायची.

"मला दे," अनुया म्हणाली. "आय नो द वे."

"नाही! आईने मला सांगितलंय. तू मोठी असलीस म्हणून काय झालं!"

अनुया ही त्यांची मावसबहीण. साक्षी आणि श्रेयस कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला, रिचमंड हिलला राहायचे, आणि अनुया इथे, थेट माउंट रॉब्सनच्या पायथ्याशी! तिच्या आईबाबांचा, म्हणजे देवयानी मावशी आणि यशोधन काकांचा इथे लाकडी लॉज होता. तो बांधला होता जनार्दन आजोबांनी. आजोबा गेल्यानंतरची ही पहिलीच सुट्टी होती. एडमंटनहून गाडीने येताना जास्परजवळची वणव्यात जळालेली काळी झाडं मागे पडली, तेव्हापासून आई खिडकीबाहेरच पाहत होती. लॉजचं फाटक दिसल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "इथे बाबा उभे असायचे."

ओढ्याच्या काठी टेस वाट पाहत बसली होती. टेस ही अनुयाची वर्गातली मैत्रीण. तिची सायकल शेजारीच आडवी पडली होती.

"श्रीखंड?" डबा पाहताच तिचे डोळे चमकले. टेसला मराठीतले मोजकेच शब्द येत, पण त्यांत श्रीखंड पहिलं होतं.

ओढा दगडांवरून खळखळत चालला होता. त्याचं पाणी पांढुरकं होतं, दुधात पाणी घालावं तसं. वरची हिमनदी खडक दळत दळत खाली सरकते आणि त्या दगडाचं पीठ पाण्यात मिसळतं, म्हणून. नकाशावर ओढ्याचं काहीतरी दुसरंच नाव होतं, पण साठ्यांच्या घरात तो कायमचा दूधओढा.

काठावर दगड रचून केलेली एक खळगी होती. आत्ता ती कोरडी होती. श्रेयसने अलगद त्यात डबा ठेवला.

"पण पाणी कुठेय?"

"येईल ना!" अनुया म्हणाली. "काल संध्याकाळी पाहिलंस ना? खळगी फुल्ल होती. दुपारी वरचा बर्फ वितळतो, आणि ते पाणी इथे पोचेपर्यंत दिवस कलतो. म्हणून सकाळी ओढा बारीक आणि संध्याकाळी जाडा. आजोबा म्हणायचे..."

"डोंगराला दुपारी घाम फुटतो!" साक्षी आणि श्रेयस एकदम ओरडले. हे वाक्य त्यांनी फोनवर शंभरदा ऐकलं होतं.

आजोबांचा फ्रीज! लॉजच्या स्वयंपाकघरात माणूस मावेल एवढा मोठा फ्रीज होता, तरी सुट्टीतलं पहिलं श्रीखंड या खळगीतच गार व्हायचं. आई आणि मावशी लहान होत्या तेव्हापासून. विजेच्या फ्रीजमधल्या श्रीखंडाला डोंगराची चव येत नाही, असं आजोबांचं ठाम मत होतं.

काठाला लागूनच्या सपाट जागेवर यशोधन काका आणि पुष्करदादा दिव्यांची माळ सोडवत बसले होते. पुष्करदादा नागपूरचा. कॅमलूप्सला कॉलेजात शिकायचा आणि उन्हाळ्यात इथे काम करायचा. लाँग वीकएंडला एडमंटनची मराठी मंडळी तंबू घेऊन येणार होती. चांगली सात-आठ कुटुंबं, लहान मुलांसकट!

"काका, तंबू इथे लावणार? ओढ्याच्या इतक्या जवळ?" साक्षीने विचारलं.

"अगं, पाण्याच्या आवाजात झोपायलाच तर येतात लोक!" काका हसले. "आणि उद्या सगळ्यांना जुन्या रस्त्याने वर नेणार आहे, हिमनदी बघायला. पुष्करने काल रस्ता मस्त साफ केलाय. काय रे?"

"हो काका! दिवसभर करवत चालू होती. खांदे गेले माझे!"

साक्षीने वर पाहिलं. डोंगराची कंबर उन्हात झगझगत होती. एकावर एक भाकरी रचल्यासारखे खडकांचे थर, त्यांच्या खोबणीत बर्फ. डोकं मात्र ढगात! रॉब्सन असाच. सगळीकडे निळंभोर आकाश असतं आणि हा आपला स्वतःपुरता ढग ओढून बसतो.

"आपण असेपर्यंत दिसेल ना गं शिखर?" तिने विचारलं.

"दिसलं तर घंटा वाजेलच," अनुया म्हणाली.

लॉजच्या वरच्या व्हरांड्यात एक पितळी घंटा टांगलेली होती. आजोबांनी ती साताऱ्याहून आणली होती, आणि तिचा नियम एकच. शिखर पूर्ण दिसलं तरच वाजवायची! जेवणासाठी नाही, वाढदिवसासाठी नाही, गंमत म्हणून तर नाहीच नाही. घंटा ऐकली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी वर यायचं. पोळी तव्यावर करपली तरी चालेल.

"खोटी वाजवली तर?" श्रेयसने विचारलं.

"कुणी वाजवलीच नाहीये कधी," अनुया म्हणाली. तिने ते अगदी गंभीरपणे सांगितलं.

दुपार तापली. कॅनडात एवढं ऊन पडतं हे पुण्याच्या लोकांना खरं वाटलं नसतं! एडमंटनच्या गाड्या एकामागून एक येऊ लागल्या. "अय्या, किती उंच झालीस!" वगैरे सगळं झालं, कूलर उतरले, तंबूचे खांब उलटसुलट जोडून पुन्हा सुटे झाले. पुऱ्या तळायची वेळ आली तशी मावशी म्हणाली, "चला गं, श्रीखंड आणू या!"

मुलं पुढे आणि आई-मावशी मागे, अशी सगळी वरात ओढ्यावर पोचली. आणि जागच्या जागी थांबली.

खळगी कोरडी होती.

नुसती खळगीच नाही! ओढाच आक्रसला होता. सकाळी पाण्याखाली असलेले दगड आता उघडे पडून उन्हात वाळले होते. मधोमध करंगळीएवढी धार तेवढी सरपटत होती. खळखळ बंद. सगळं कसं चिडीचूप.

श्रेयसने डब्याला हात लावला. "गरम आहे!" तो रडवेला झाला. "श्रीखंड गरम झालं!"

मावशी दगडावर बसली. "बघ गं," ती आईला म्हणाली, "हिमनदी दर वर्षी मागे मागे जातेय. व्हरांड्यातल्या जुन्या फोटोत केवढी खाली यायची! मला वाटायचंच, एक दिवस हा ओढाही जाणार."

"बाबा गेले, आणि त्यांचा फ्रीजही गेला," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आठवतं? आपण दोघी इथे पाय सोडून बसायचो. कोण जास्त वेळ पाण्यात पाय ठेवतं..."

"तूच हरायचीस."

"तू मोजे घालायचीस, चीटर!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसू लागल्या, मग रडू लागल्या. साक्षीने आईला असं लहान मुलीसारखं कधी पाहिलं नव्हतं. आईजवळ जाऊन बसावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागून यशोधन काकांचा आवाज आला. "अरे वा! पाणी कमी झालं? बरंच झालं! अजून दोन तंबू बसतील इथे. पुष्कर, माळ पार त्या टोकापर्यंत ने!"

साक्षी पुढे आली. "पण मावशी, काल तर खळगी भरली होती."

"हो गं राणी."

"मग हिमनदी एका रात्रीत कशी संपेल? आणि आज तर कालच्यापेक्षा जास्त ऊन आहे! डोंगराला जास्त घाम फुटायला हवा, कमी कसा?"

"निसर्गाचं काही सांगता येतं का बाळा," आई डोळे पुसत म्हणाली. "जा, खेळा तुम्ही. आम्ही बसतो जरा इथे."

श्रीखंडाचा डबा खळगीतच राहिला. मुलं बाजूला झाली.

"दॅट मेक्स नो सेन्स," अनुया कुजबुजली. "पाणी वितळत असणारच. मग ते जातंय कुठे?"

टेसला सगळं इंग्रजीत सांगितल्यावर तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिची आई हायवे दुरुस्तीच्या कामावर मोठी यंत्रं चालवायची. "माझी आई म्हणते, ओढा वाढला तर सावध राहा," टेस म्हणाली. "आणि ओढा गप्प झाला, तर पळा! म्हणजे वर कुठेतरी तो अडलाय."

चौघांनी एकदम वर पाहिलं.

"जुना रस्ता!" साक्षी म्हणाली. "पुष्करदादाने काल तिथेच काम केलं ना? चला!"

"आणि अस्वलं?" श्रेयसने विचारलं.

"अस्वलाला पळवायचा स्प्रे आहे माझ्याकडे," अनुया म्हणाली. "आणि पाढे आहेत."

हाही आजोबांचाच नियम. जंगलात अस्वलाला आपली चाहूल लागली की ते स्वतःच दूर जातं, म्हणून मोठ्याने बोलत चालायचं. आता सारखं बोलणार तरी काय? म्हणून पाढे म्हणायचे!

"बे एके बे! बे दुणे चार!" चौघंही ओरडत निघाली. सगळ्यांत मोठा आवाज टेसचा होता. ती सायकल ढकलत, अर्थ कशाचाही न कळता, पण अगदी सुरात म्हणत होती, "बे त्रिक सहा!"

"सातचा नको हां," श्रेयस म्हणाला. "सातचा मला येत नाही."

"मग अस्वल तुलाच धरणार!"

"सिरियसली?"

"सिरियसली! त्यांना सातचा फार आवडतो."

जुना रस्ता म्हणजे पूर्वी लाकडाचे ट्रक जायचे तो. चढ उभा होता. काल कापलेल्या झाडांचा भुसा अजून ताजा होता आणि राळेचा वास येत होता. नवाचा पाढा चालू असताना वळण आलं, आणि अनुया एकदम थांबली. पाढाही थांबला.

समोर तळं होतं!

हिरवट पांढरं, आरशासारखं शांत, आणि भलंमोठं. काठची झाडं गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होती.

"इथे तळं नव्हतं," अनुया हळूच म्हणाली. "इथे मेडो होतं, गवताचं कुरण. मी आणि आजोबा इथे स्ट्रॉबेऱ्या शोधायचो."

इथे रस्ता ओढ्याला आडवा जायचा. रस्ता म्हणजे मातीचा उंच बांधच, आणि ओढा त्याच्या पोटातल्या एका मोठ्या पत्र्याच्या पाइपमधून पलीकडे निघायचा. आता पाइपचं तोंड दिसतच नव्हतं. तिथे कापलेल्या ओंडक्यांचा आणि फांद्यांचा डोंगर अडकून बसला होता.

"पुष्करदादाने रस्त्यावरची झाडं कापली आणि ओढ्यात ढकलून दिली!" साक्षीच्या सगळं लक्षात आलं. "ती तरंगत आली आणि पाइपला बूच बसलं. पाणी संपलेलं नाही, इथे साठलंय!"

"आपण एक-दोन ओंडके ओढून काढू या?" श्रेयस पुढे सरसावला.

"नो!" टेसने त्याची कॉलर धरली. "पाण्याजवळ जायचं नाही! पाइप सुटला तर तू पलीकडे ओंडक्यांबरोबर निघशील."

अनुयाने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. बांधाच्या खालच्या अंगातून पाणी झिरपत होतं. जागोजागी चिखलाच्या धारा लागल्या होत्या. पाहता पाहता मातीचा एक मोठा लगदा सुटला आणि धप्पकन खाली पडला.

आणि त्याच्या खाली, सरळ रेषेत, झाडांमधून सपाट जागा दिसत होती. तिथे लाल, निळे, पिवळे तंबू होते, आणि एवढीएवढी मुलं पळत होती.

"आई तिथे आहे," श्रेयस म्हणाला.

साक्षी भराभर सांगू लागली. "अनुया, फोटो काढ! इथे रेंज नाही ना? मग टेस, तुझ्या आईचं ऑफिस..."

"हा रस्ता पलीकडे हायवेलाच उतरतो. उतारच आहे!" टेस सायकलवर बसलीसुद्धा. "तिला सांगते. हायवेच्या पुलावरून गाड्या थांबवायला हव्यात. तुम्ही खाली पळा. ओढ्याच्या बाजूने नको, लॉजच्या बाजूने!"

तिघं धावत सुटली. पाढे म्हणायला दम उरला नव्हता. अस्वलं त्या दिवशी बहुतेक मुलांनाच घाबरून बाजूला झाली असतील.

"काका! काका, ओढा अडलाय! वर मोठं तळं झालंय! सगळ्यांना वर न्या, आत्ताच!"

यशोधन काका तंबूच्या कापडात गुरफटले होते. "कुठलं तळं? पाणी प्या आधी. किती धापा टाकताय!"

अनुयाने फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी फोटो पाहिला. त्यांच्या शेजारच्या टोपीवाल्या पाहुण्यांनी पाहिला. मग अजून दोघं-तिघं जमले.

"वा! काय रंग आहे पाण्याचा!" टोपीवाले म्हणाले. "यशोधन, असलं तळं आहे आणि तू बोलला नाहीस? वल्हवायला कयाक आणल्या असत्या ना!"

"मला पाठव गं हा फोटो. स्टेटसला ठेवते," एक काकू म्हणाल्या.

"बाबा, हे आपलं मेडो आहे! इट्स गोइंग टू बर्स्ट!" अनुया जवळजवळ किंचाळली.

"बरं बरं, उद्या जाणारच आहोत ना तिकडे, तेव्हा बघू हं. आता जेवणाची वेळ झालीय. आणि पाहुण्यांसमोर असं ओरडायचं नसतं."

साक्षीने आईला शोधलं. आई तंबूंच्या पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी बाळाला कडेवर घेऊन, तीस-चाळीस माणसांच्या गलक्यात हसत होती. एकेकाला समजावत बसलं, तर किती वेळ जाणार? मोठी माणसं शंका काढतात, मग चहा पितात, मग ठरवतात.

त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की ओढ्याची करंगळीएवढी धार आता चहासारखी तपकिरी झाली होती.

असं काय आहे, की ज्यासाठी ही सगळी माणसं काही न विचारता वर धावत येतील?

साक्षीने अनुयाकडे पाहिलं. अनुयालाही तेच सुचलं असावं, कारण ती एकदम म्हणाली, "नाही! साक्षी, ती आजोबांची आहे. खोटी नाही वाजवायची."

"आजोबा आत्ता इथे असते, तर त्यांनी काय केलं असतं?"

अनुयाने डोळे पुसले. "सर्वांत आधी त्यांनीच वाजवली असती. रन!"

तिघं जिना चढून वरच्या व्हरांड्यात पोचली. साक्षीने घंटेची दोरी धरली. दोरीची गाठ आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली होती. 'सॉरी आजोबा,' ती मनात म्हणाली आणि तिने सगळा जोर लावून दोरी ओढली.

टण्! टण्! टण्! टण्!

"शिखर दिसतंय!" अनुया ओरडली. "लवकर या! शिखर दिसतंय! ढग परत येतोय!"

आणि काय सांगावं! पहिली धावली ती देवयानी मावशी. मग आई, बाळ कडेवर घेऊन. "घंटा! घंटा झाली!" करत दोघी लहानपणीसारख्या पळत सुटल्या. त्यांना पाहून सगळेच निघाले. कुणाच्या हातात फोन, कुणाच्या हातात तंबूचा खांब, एक काकू पिठाचे हात तसेच घेऊन! मुलं खांद्यावर, आजोबा लोक काठी टेकत. टोपीवाल्यांची टोपी वाटेत पडली तरी ते थांबले नाहीत.

"सगळे आले?" साक्षी कठड्यावरून वाकून पाहत होती.

"पुष्करदादा!" श्रेयस ओरडला.

सपाट जागेच्या पार टोकाला, शिडीवर, कानात इअरफोन घालून पुष्करदादा दिव्यांची माळ बांधत होता. मान हलवत गाणं म्हणत होता. त्याला घंटा ऐकूच गेली नव्हती! हाका मारून काही उपयोग नव्हता. धावत खाली जायला वेळ नव्हता.

श्रेयसने इकडे तिकडे पाहिलं. माळेची वायर कुठून येतेय? सरळ या व्हरांड्यातूनच! त्याने भिंतीजवळ उडी मारली आणि प्लग उपटून काढला.

खालची माळ विझली. पुष्करदादाने एक इअरफोन काढला. माळ हलवून पाहिली. मग रागारागाने शिडीवरून उतरला आणि पायऱ्यांकडे निघाला. "कोणी काढला प्लग? आत्ताच तर लागली होती यार!"

"मी काढला! काय करशील? ये, ये, पकडून दाखव!" श्रेयस नाचून वेडावू लागला. पुष्करदादा चिडून पायऱ्या धडाधड चढू लागला.

इकडे व्हरांड्यात गोंधळ माजला होता. "कुठेय शिखर? ढगच तर आहे!" "ही काय चेष्टा झाली?" मावशीचा चेहरा लाल झाला होता. "अनुया! बाबांची घंटा? खोटी वाजवलीस?"

"मावशी, मी वाजवली," साक्षी पुढे झाली. "तुम्ही कुणी ऐकतच..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

आधी वास आला. ओल्या मातीचा, उकरलेल्या मुळांचा. मग पायांखालच्या फळ्या थरथरू लागल्या. आणि मग जंगलातून असा आवाज आला, जणू शंभर ट्रक दगड ओतत येताहेत!

तपकिरी पाण्याची भिंत झाडं मोडत वळणावरून आली. त्यात अख्खे ओंडके काड्यांसारखे उलटेपालटे होत होते. पाहता पाहता ती सपाट जागेवर पसरली. लाल तंबू गेला, निळा गेला. शिडी गेली. कूलर एकमेकांवर आपटत निघून गेले. पुष्करदादा शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि कानातला दुसरा इअरफोनही काढला.

नुसता पाण्याचा आवाज.

आईने कडेवरचं बाळ त्याच्या आईकडे दिलं आणि दोघांना असं घट्ट धरलं, की श्रेयसला श्वास घेता येईना. "मी तिथे बसले होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आम्ही दोघी तिथे बसून रडत होतो, आणि तू सांगत होतीस, साक्षी. तू सांगत होतीस."

यशोधन काका कठडा धरून उभे होते. "ओंडके ओढ्यात ढकल, असं मीच पुष्करला सांगितलं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "आपल्याकडे नाल्यात टाकलेलं पावसात वाहून जातं, तसंच वाटलं मला. आणि पोरं फोटो घेऊन आली, तर मी त्यांनाच दटावलं!"

पाणी हळूहळू उतरू लागलं. सपाट जागेवर फक्त चिखल आणि दगड उरले होते. आजोबांची खळगी कुठे होती, तेही कळत नव्हतं.

"डबा," श्रेयस एकदम म्हणाला. "आजीचा डबा तिथेच होता."

मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला. "जाऊ दे रे सोन्या. तू आहेस ना!"

आणि तेव्हा आईने वर पाहिलं.

"ताई," ती हळूच म्हणाली. "ताई, बघ."

ढग सरकत होता. आधी एक पांढरी धार दिसली, मग बर्फाचा मोठा उतार, आणि मग सगळ्यांच्या वर, संध्याकाळच्या उन्हात सोनेरी गुलाबी झालेलं, अख्खंच्या अख्खं शिखर! आजोबांच्या फोटोतल्यापेक्षा हिमनदी लहान होती, पण होती. उन्हात चमकत होती.

मावशी घंटेजवळ गेली. तिने दोरी साक्षीच्या हातात दिली.

"वाजव," ती म्हणाली. "मघाची आणि आत्ताची, दोन्ही खऱ्याच."

दुसऱ्या दिवशी टेसची आई पिवळं यंत्र घेऊन आली. टेस वेळेवर पोचली होती, म्हणून पुलावरची वाहतूक आधीच थांबवली होती आणि तिथेही कुणाला काही झालं नव्हतं. टेसच्या आईने चारही मुलांशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं.

"पाणी वाढलं की सगळ्यांनाच कळतं," ती म्हणाली. "पाणी गप्प झालेलं ज्याला कळतं, तो खरा डोंगरातला माणूस!"

टोपीवाल्यांनी, आता टोपी नव्हती तरी, मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. पुष्करदादाने श्रेयसला खांद्यावर घेऊन लॉजभोवती फेरी मारली. यशोधन काका मात्र सकाळपासून फावडं घेऊन चिखलात उभे होते. तंबू यापुढे वरच्या अंगणातच लागतील, असं त्यांनी न विचारताच जाहीर केलं.

"आणि हे कुणाचं?" टेसने पाठीमागून हात पुढे केला. "पुलाजवळच्या झुडपात अडकलं होतं."

डबा! एका बाजूने चेपलेला, झाकण नसलेला, आत बोटभर वाळू. आईने तो पदराने पुसावा तसा आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि नावावरून बोट फिरवलं. 'सौ. प्रमोदिनी ज. साठे'. अजून लागत होतं.

"श्रीखंड?" टेसने आशेने विचारलं.

"ते हायवेखालून फ्रेझर नदीत गेलं," अनुया म्हणाली. "मासे मजेत असतील."

मग आई आणि मावशीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडल्या. "चला," मावशी म्हणाली, "बाबांनी पहिली खळगी केली तेव्हा आम्ही दोघींनी दगड आणून दिले होते. आता तुम्ही द्या."

नवी खळगी थोडी वर झाली, थोडी वाकडीही झाली. श्रेयसने चेपका डबा तिच्यात ठेवला. आत ताजं श्रीखंड, वर झाकण म्हणून ताटली, ताटलीवर दगड. आई आणि मावशी काठावर पाय सोडून बसल्या. या वेळी मोजे घालायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं.

ऊन चढलं. सगळे कान देऊन ऐकत होते. कुठेतरी वर, बर्फातून, थेंब सुटत असणार.

"आला!" श्रेयस कुजबुजला.

दगडांमधून पांढुरक्या पाण्याची जीभ आत आली, डब्याला शिवली, मागे गेली, पुन्हा आली. दूधओढा खळखळून बोलू लागला.

"फुटला घाम," साक्षी म्हणाली. आईने हसून तिला जवळ ओढलं आणि शेजारी बसायला जागा करून दिली.